टेस्ट सिरीज बरी, पण ‘एकतर १ किंवा २’ने डोकं फिरवलं

बँक क्लार्कची ही टेस्ट सिरीज उन्हाळ्यापासून वापरतोय. फक्त सिलॉजिझमबद्दल (दिलेल्या विधानांवरून कुठला निष्कर्ष निघतो ते ओळखायचं) लिहितो, राग तिथलाच आहे.

हा प्रश्न बघा. विधाने: काही वांगी भरीत आहेत. एकही भरीत शेव नाही. निष्कर्ष: १) काही वांगी शेव आहेत. २) एकही वांगं शेव नाही. (साचा त्यांचा, माल माझा. जळगावात बसून पेन-टेबल कोण करणार!) भरीत झालेली वांगी शेव नाहीत, एवढंच नक्की. उरलेल्या वांग्यांबद्दल विधानं काहीच बोलत नाहीत. म्हणून एकेकटा कुठलाच निष्कर्ष निघत नाही, पण एक खोटा पडला की दुसरा खरा ठरणारच. उत्तर ‘एकतर १ किंवा २’. यांच्या उत्तरतालिकेत ‘दोन्ही नाही’!

तक्रार टाकली. ‘तज्ज्ञांनी तपासलं, उत्तर योग्य आहे.’ वहीवर वेन आकृती (गट दाखवणारी वर्तुळं) काढून फोटो पाठवला, तर तेच वाक्य परत, वर हसरा इमोजी. अमळनेरला प्रतापशेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर ही तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था काढली, आणि त्याच खानदेशात बसून आम्ही असलं तर्कशास्त्र पैसे मोजून घेतोय. अभ्यासिकेतला मित्र म्हणतो, “जाऊ दे ना भो, एका मार्काने काय होतं?” एका नाही, सव्वा मार्काने. चुकलं की पाव कापतात.

सुरुवातीला तर सगळंच टाकाऊ वाटलं होतं. पण ‘फक्त काही’चे प्रश्न यांनी खरंच झकास घेतलेत. ‘फक्त काही शेतकरी व्यापारी आहेत’ म्हणजे काही आहेत, काही नक्की नाहीत. त्यामुळे ‘सर्व शेतकरी व्यापारी असण्याची शक्यता’ बाद, पण ‘सर्व व्यापारी शेतकरी असण्याची शक्यता’ शाबूत. दोन्हीच्या वेगळ्या आकृत्या दिल्यात. क्लासमधली १००-५० ची ट्रिक (आकृतीऐवजी विधानातल्या शब्दांना १०० किंवा ५० आकडे देऊन उत्तर काढायची) शक्यतेच्या प्रश्नात मला कामाला आली नाही, तिथे या आकृत्यांनीच वाचवलं. पूर्वपरीक्षेत रीझनिंगच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटं असतात, तेव्हा हा फायदा लहान नाही.

घेतलीच असेल तर ‘एकतर’च्या प्रश्नात तालिकेकडे बघू नका. कर्ता तोच, विधेय तेच, एक ‘काही’ आणि एक ‘एकही नाही’, आणि दोन्ही एकेकटे निघत नाहीत, एवढं जुळलं की बिनधास्त टिक करा.

तीन तारे. मुदत संपेपर्यंत पैसे वसूल करणार, पण रिन्यू नाही. तेवढ्या पैशांत जुन्या पेपरांचा गठ्ठा झेरॉक्स होतो.