आठवड्यातल्या रात्रीची वरणफळं: कुकरात की कढईत?

वरणफळं एकाच भांड्यात करायची ठरवली की प्रश्न उरतो तो भांड्याचा. कुकर घ्यायचा की जाड बुडाची पसरट कढई? मी दोन्हींत करून पाहिली आहेत आणि दोन्हींत ती चांगली होतात. तरी आता कामाच्या दिवशी माझ्या गॅसवर कढईच चढते. त्याचं कारण पुढे सांगतोच, पण काही घरांना कुकरच सोयीचा आहे, तेही सांगतो.

रविवारची साग्रसंगीत पद्धत इथे बाजूला ठेवू. त्यात तूरडाळ कुकरच्या डब्यात, आमटी पातेल्यात, फोडणी कढल्यात, शिवाय रवी, परात, पोळपाट. कणकेचा पदार्थ असल्यामुळे परात आणि पोळपाट सुटत नाहीत. बाकी सगळं एकाच भांड्यात आणायचं, एवढाच आपला हट्ट.

कुकरची पद्धत बहुतेकांना ठाऊक असेल. डबा न लावता थेट कुकरच्या तळाशीच फोडणी, त्यावर धुतलेली तूरडाळ, हळद, पाणी. तीन-चार शिट्ट्या, मग थोडा वेळ मंद आच. वाफ जिरल्यावर डाळ घोटायची, उकळतं पाणी, चिंच किंवा आमसूल, गूळ, गोडा मसाला, मीठ घालायचं आणि झाकण न लावता खळखळत्या आमटीत फळं, म्हणजे लाटलेल्या कणकेचे कापलेले तुकडे, सोडायची. कढईत क्रम हाच, फक्त डाळ बदलते. तूरडाळीऐवजी मूग किंवा मसूर घ्यायची, वर ताटली झाकायची आणि ती वीस-पंचवीस मिनिटांत मऊ होऊ द्यायची.

कढईची ही पहिली आणि सगळ्यांत मोठी अडचण: ती तूरडाळ मागे ठेवायला लावते. सकाळी भिजत घातलेली तूरडाळही उघड्यावर शिजायला पाऊण तास सहज घेते, आणि साडेआठला भूक लागलेल्या घरात तेवढा वेळ नसतो. ज्यांच्या जिभेवर तूरडाळीचीच आमटी बसली आहे त्यांना मुगाची वरणफळं थोडी पथ्याची वाटतील. नुसती मूग घेतली की चव खिचडीकडे झुकते, हे मलाही मान्य आहे. म्हणून मी अर्धी मूग, अर्धी मसूर घेतो. मसूर विरघळून आमटीला अंग देते, तिला रवीही लागत नाही, डावाच्या पाठीने दाबली की पुरे. गोडा मसाला आणि गूळ पडल्यावर माझ्या घरी तरी तूरडाळीची आठवण कुणी काढत नाही. पण ज्यांना तूरडाळीवाचून चालतच नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल, कुकर घ्यावा.

आता ज्या एका गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला तिच्याकडे येतो. ती म्हणजे कुकरचं बंद झाकण.

शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, आणि आता वाफ जिरायची वाट पाहायची. दहा मिनिटं म्हणा, पंधरा म्हणा. वरण-भाताला हा वेळ खटकत नाही, तेवढ्यात कोशिंबीर होते. वरणफळांचं तसं नाही, कारण या वेळात आपण फळं लाटून कापून ठेवलेली असतात. ती एकावर एक ठेवली की एकमेकांना चिकटतात आणि आमटीत शंकरपाळ्याच्या आकाराचं फळ न पडता चार-पाच फळांचा गोळा पडतो, जो बाहेरून शिजतो आणि आतून कच्चा राहतो. सुटी पसरून ठेवायची तर दोन ताटं आणि अर्धा ओटा अडतो, म्हणजे एका भांड्याचा हट्ट तिथेच संपला. शिवाय पंख्याखाली कडा वाळतात, त्या आमटीत लवकर मऊ होत नाहीत. चिकटू नयेत म्हणून वर पीठ भुरभुरवलं तर ते सगळं पीठ फळांबरोबर आमटीत उतरतं. आमटी फळं शिजायच्या आधीच दाट होते, बुडाला धरायला लागते आणि चव पिठूळ होते. फळं फसली की लोक कणकेला किंवा डाळीला दोष देतात, पण पुष्कळदा खरं कारण हे वरचं पीठ असतं असं मला वाटतं.

मग लाटायलाच उशिरा घेऊ, वाफ जिरल्यावर, असं कुणी म्हणेल. तसंही करता येतं. पण तोवर आमटी उकळायला लागलेली असते, आणि पहिली पोळी लाटून होईपर्यंत आटतही असते. वेळ वाचवायला कुकर लावला आणि तोच वेळ शेवटी परत दिला. कुकर नळाखाली धरून वाफ लवकर जिरवता येते, हेही खरं. पण मग तो जड, तापलेला कुकर बेसिनपाशी न्यायचा, परत आणायचा आणि गार झालेल्या डाळीला पुन्हा उकळी आणायची. शिट्टी उचलून वाफ सोडण्याचा विचार डाळीच्या बाबतीत करूच नये, वाफेबरोबर डाळीचा फेसही उडतो.

कढईत हा तिढा पडतच नाही. डाळ डोळ्यांसमोर असते. ताटली सरकवली, दाणा चिमटीत दाबला, कळलं. डाळ मऊ झाली की चिंच-गूळ-मसाला घालून आमटी उकळायला ठेवायची आणि पहिली पोळी लाटायची. ती पोळपाटावरच कापून तिथूनच फळं एकेक करून कढईत सोडायची. ती कढईत शिजतात तोवर दुसरी पोळी तयार. फळाला थांबावं लागत नाही, म्हणून वर पीठ लागत नाही, म्हणून आमटी आमटीच राहते. पाणी कमी वाटलं तर शेजारच्या शेगडीवरचं उकळतं पाणी कधीही ओतता येतं. हा एक सलग ओघ मला दिवसभराच्या कामानंतर फार आवडतो. हात चालू राहतात आणि कुठेही खोळंबा होत नाही.

दुसरी गोष्ट रुंदीची. घरगुती कुकर खोल आणि अरुंद असतो. दुसऱ्या पोळीची फळं पहिल्यांच्या डोक्यावर बसतात, खालच्यांना उकळी मिळते, वरच्यांना नुसती वाफ. डाव घालून ढवळावं तर शिजत आलेली फळं तुटतात. पसरट कढईत ती शेजारी शेजारी तरंगतात आणि उलथनं बुडाला सपाट टेकवून हळूच फिरवलं की तळ मोकळा राहतो. एकाच भांड्यातल्या जेवणात बुडाला लागणं महागात पडतं, कारण करपट वास सगळ्याच जेवणाला लागतो, बाजूला काढून ठेवलेलं काहीच नसतं.

फळं घालून झाकण लावून एक शिट्टी काढणारेही आहेत. वेळ वाचतो, पण मी ती वाट सुचवणार नाही. पिठाळ, दाट पदार्थ दाबाखाली शिजवताना वर चढला तर वाफेची नळी बुजू शकते. आणि फळंही इतकी फुगतात की त्यांच्या कडा आमटीत विरून जातात.

फोडणीचं गणित मला कढईतच नीट जमतं. एकाच भांड्याचा नियम पाळला की फोडणी सुरुवातीला होते आणि डाळ शिजेपर्यंत हिंग-कढीपत्त्याचा वास मावळतो. त्यावर उपाय सोपा आहे. कढईत मोहरी, जिरं, हिंग, लसूण, कढीपत्ता, लाल मिरची अशी फोडणी करायची, त्यातली अर्धीअधिक वाटीत काढून ठेवायची आणि उरलेल्या तेलातच डाळ परतायची. जेवायला बसताना वाटीतली फोडणी वरून. कुकरातही हे करता येईल, पण खोल तळातून तापलेली फोडणी काढताना हात भाजायची भीती वाटते.

आता कुकरच्या बाजूने, आणि हे मी मनापासून म्हणतो. तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर कढईचा नाद सोडा. अशा पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते. डब्यात वर्षभर पडून राहिलेल्या जुन्या डाळीचंही तसंच. चिमूटभर खायचा सोडा घातला की डाळ शिजते खरी, पण त्याने बी1 जीवनसत्त्व जातं आणि चवही उतरते. कुकरात दाबामुळे पाणी 120 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचतं, उघड्या कढईत ते 100 च्या पुढे जात नाही. हा फरक मोठा आहे. गॅसही कुकरात कमी जळतो, यात वाद नाही.

आणि तान्हं मूल असलेलं घर, किंवा घरी आल्याआल्या दुसरी चार कामं वाट पाहत असणारं घर. तिथे बंद झाकण हीच सोय आहे. शिट्ट्या झाल्या, गॅस बंद केला, मग अर्ध्या तासाने पाहिलं तरी काही बिघडत नाही. कढईजवळ मात्र उभं राहावं लागतं. मला त्या वेळात लाटायचंच असतं म्हणून ते जाचत नाही, पण प्रत्येकाची संध्याकाळ तशी नसते. कणीक आधी भिजवून ठेवणाऱ्या आणि डाळ झाल्यावर निवांत लाटणाऱ्या माणसाला कुकरचा माझ्याइतका त्रास होणार नाही.

डाळीचा फेस शिट्टीतून उडून ओटा माखण्याची तक्रार मी निकालात धरलेली नाही, कारण तिला उतारा आहे. डाळ भिजवून ते पाणी टाकून द्यावं, चमचाभर तेल घालावं आणि कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. एवढं केलं की फेस बराच आवरतो.

कढईकडे वळलात तर धातू बघून घ्या. लोखंडी कढई इथे नको. चिंच-आमसुलाच्या आंबटाने आमटी काळपट होते आणि तोंडात लोखंडाची चव येते. पितळी असेल तर कल्हई ताजी हवी. मला जाड बुडाची स्टीलची सगळ्यांत बरी वाटते. अॅल्युमिनियमचा साधा कुकर वापरणाऱ्यांनीही उरलेली आंबट आमटी रात्रभर त्यातच ठेवू नये.

तीन माणसांना माझं माप असं: पाऊण वाटी डाळ, सव्वा वाटी कणीक, सगळं मिळून पाच-सहा वाट्या पाणी, आणि हाताशी थोडं जास्तीचं उकळतं पाणी. कणीक पुरीसारखी घट्ट, तीत तिखट, मीठ, हळद, ओवा आणि चमचाभर तेल. डाळ चढवायच्या आधी ती भिजवून झाकून ठेवावी, म्हणजे लाटताना मागे ओढली जात नाही. पोळी नेहमीच्या पोळीपेक्षा किंचित जाड. आंबट मात्र दोन्ही पद्धतींत डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच घालायचं, आधी घातलं तर डाळ शिजायला अडून बसते. फळं घालताना आमटी पातळच वाटली पाहिजे, इतकी की मनात शंका यावी. दहा-बारा मिनिटांत फळं चकचकीत दिसायला लागतात. एक काढून मधोमध तोडून बघा, आत पांढरट रेघ दिसली तर अजून दोन-तीन मिनिटं द्या. उकळी सतत खळखळती असली पाहिजे, मंद आचेवर फळं शिजण्याऐवजी भिजत पडतात. वर साजूक तूप, कोथिंबीर, ओलं खोबरं असल्यास खोबरं, आणि लिंबाची फोड.

कोणतं निवडावं, तर पाणी जड नसेल, मूग-मसुरीची चव चालत असेल आणि अर्धा-पाऊण तास ओट्यापाशी उभं राहता येत असेल, तर एकदा कढईत करून बघाच. यांतलं एक जरी जमत नसेल तर कुकर घ्या. फक्त त्यात फळं लाटायची घाई करू नका, झाकण उघडल्यावरच पहिली पोळी लाटा आणि ती लाटून होईपर्यंत आमटीखालचा गॅस बारीक ठेवा. उरलेली वरणफळं सकाळी घट्ट होऊन बसतात. ती गरम करताना आधी भांड्यात अर्धी वाटी पाणी उकळवा आणि मग त्यात सोडा, म्हणजे बुडाला लागत नाहीत.