स्कुबाचं कार्ड: सगळा कोर्स सुट्टीत, की अर्धा आधीच उरकून?

उदगीरहून भाच्याचा फोन आला. "आत्या, एप्रिलच्या शेवटी अंदमानला चाललोय. सहा दिवस आहेत, स्कुबाचा कोर्सही तिथेच करून टाकू का?" स्कुबा म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घेत फिरणं. मी स्वतः सगळा कोर्स सुट्टीतच केला होता. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे नीट मांडते, कारण आपल्या भागातून आता बरेच जण हा विचार करतात.

आधी एक फरक समजून घ्या. तारकर्लीला प्रशिक्षक तुम्हाला धरून पाण्याखाली फिरवून आणतो, तो कोर्स नव्हे. त्यासाठी पोहता यावं लागत नाही आणि त्यातून कार्ड, म्हणजे कोर्स पूर्ण केल्याचा दाखला, मिळत नाही. पाण्याखालचं जग आवडतं की नाही हे बघायला मात्र तो उत्तम आहे. कार्ड हवं असेल तर ओपन वॉटर डायव्हर कोर्स करावा लागतो. पाडी आणि एसएसआय या त्यातल्या दोन मोठ्या संस्था. त्यात थिअरी असते, तलावातला सराव असतो आणि समुद्रात चार डाइव्ह. पाडीत 200 मीटर पोहून दाखवावं लागतं आणि 10 मिनिटं तरंगावं लागतं. मग जोडीदाराबरोबर 18 मीटरपर्यंत जाता येतं. कार्डाला मुदत नसते.

भाचा म्हणाला, "पोहायचं काय, विहिरीत शिकलोय." मीही विहिरीतच शिकले, पाठीला कोरडा भोपळा बांधून. आपल्याला पाण्याची भीती नसते, हा मोठा फायदा आहे. पण विहिरीची एक सवय स्कुबात घातक ठरते: दम धरणं. विहिरीत आपण वरून छातीभर हवा घेऊन बुडी मारतो. खाली ती हवा दाबली जाते, वर आलो की जेवढी होती तेवढीच होते. स्कुबात आपण खालीच दाबाखालची हवा घेतो. 10 मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथे छातीभर घेतलेली हवा दम धरून वर आणली तर ती दुप्पट फुगू बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम एकच: श्वास कधीच रोखायचा नाही.

नियम कळायला एक मिनिट लागतं. अंगवळणी पडायला मला दोन दिवस लागले. मास्कमध्ये पाणी भरून ते नाकाने फुंकून बाहेर काढायचा एक सराव असतो. तलावाच्या तळाशी गुडघ्यांवर बसले होते, छातीभर पाणी डोक्यावर. पाणी नाकाशी आलं आणि माझा दम आपोआप कोंडला, पाय वर उसळले. प्रशिक्षकाने खांद्यावर हात ठेवून खाली धरलं. पाचव्या-सहाव्या वेळी कुठे नाकातून बुडबुडे काढत मास्क रिकामा झाला. ही धडपड बेटावर, बोटीची वेळ डोक्यावर असताना करायची, की आधीच पुण्या-हैदराबादच्या तलावात सावकाश? माझ्या मते खरी निवड इथेच आहे.

सगळा कोर्स सुट्टीत केला तर तीन ते चार दिवस जातात. शिकवणारा शेवटपर्यंत एकच राहतो, हे त्यातलं खरं सुख. पण थिअरीची रात्र हॉटेलात पुस्तकाशी जाते आणि सर्दी झाली तर गाडी अडते, कारण नाक चोंदलं की कानातला दाब सारखा करता येत नाही. माझा एक अख्खा दिवस असाच गेला. एक दिवस हाताशी राखला होता म्हणून कार्ड मिळालं.

दुसरी वाट रेफरलची. थिअरी ऑनलाइन घरी करायची, तलावाचा सराव जवळच्या शहरात, आणि फक्त चार डाइव्ह सुट्टीत. त्याला दोन दिवस पुरतात. पाडीच्या रेफरलला एक वर्षाची मुदत असते. यात दोन ठिकाणी फी भरावी लागते आणि समुद्रावरचा प्रशिक्षक नवा असतो. तरीही नोकरीतून मोजकी रजा काढणाऱ्याला मी हीच सुचवेन.

ठिकाणाबद्दल थोडक्यात. पहिल्या कार्डासाठी स्वच्छ पाणी हवं, म्हणून अंदमानचं स्वराज द्वीप माझी पहिली पसंती. कर्नाटकातल्या मुरुडेश्वरपर्यंत गाडीने जाऊन तिथून बोटीने नेत्राणी बेट गाठता येतं, पण पावसाळ्यात बंद. थायलंडचं को ताओ कोर्ससाठी स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे; मात्र आपल्या दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या सुमारास, तिथे पावसाचा जोर असतो.

आरोग्याचा फॉर्म घरूनच भरून न्या. दमा, हृदयविकार, फिट्स यांपैकी कशालाही "हो" असेल तर डॉक्टरांची सही लागते, आणि बेटावर त्यासाठी धावपळ होते. काही लपवू नका.

परतीचा हिशोब बहुतेकांचा इथेच चुकतो. अनेक डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान 18 तास जावे लागतात, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. वर गेलं की हवेचा दाब कमी होतो, तो विमानातही आणि घाटातही, आणि उरलेल्या नायट्रोजनचे अंगात बुडबुडे होऊ शकतात. आंबोली सुमारे 690 मीटरवर आहे, लातूर 600 च्या वर. सकाळी कोकणात डाइव्ह करून संध्याकाळी घाट चढून घरी यायचा बेत करू नका, रात्र खालीच काढा.

भाच्याने तलावाचा सराव पुण्यात मार्चमधल्या दोन शनिवार-रविवारी ठरवलाय. अंदमानात डाइव्ह दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी, चौथा दिवस सर्दी-वादळासाठी मोकळा, आणि विमान सहाव्या दिवशी दुपारचं.