कुत्रा घेण्याआधीचा सल्ला: फी वसूल

धाकटीचा हट्ट बॉर्डर कॉलीचा. व्हिडिओत देखणी दिसते ना! प्रशिक्षकबाईंनी तासाभरात तो हट्ट उतरवला. "मेंढ्या वळवणारी जात आहे, मेंढ्या नसल्या की पळणाऱ्या पोरांच्या टाचा धरते." मी बीगल सुचवला, तर म्हणाल्या, त्याचं नाक एकदा जमिनीला लागलं की हाका मारत बसा.

शेवटी लॅब्रॅडॉर ठरला. त्याच्याही खोडी बाईंनी लपवल्या नाहीत: नर 30-35 किलोपर्यंत वाढतो, घरभर केस, आणि खा-खा. (सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी जनुकाचा एक तुकडा गायब असतो, त्यामुळे भूक जास्त लागते. आमचं ध्यान बहुधा त्यातलंच.) पिल्लाच्या आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे बघा आणि 8 आठवड्यांचं होण्याआधी ते आईपासून तोडू नका, हे दोन सल्ले लाखमोलाचे.

तक्रार आहेच. पिल्लाचे सुईसारखे दुधाचे दात पडायला सहाएक महिने लागतात, हे आधी सांगायला हवं होतं. धाकटीच्या दोन फ्रॉकच्या झालरी गेल्या, आणि आठवडाभर ती पलंगावरून खाली उतरेना. शिवाय दुसरी भेट बाईंनी दोनदा पुढे ढकलली. पाचपैकी चार.