तेराशेची पिकअप की सतराशेची?

तेराशे किलो पासिंगची, म्हणजे कागदावर तेवढा माल न्यायची परवानगी असलेली पिकअप घेऊन पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवावेत, की थोडे पैसे जास्त घालून सतराशेची घ्यावी, असं गेल्या टोमॅटोच्या सीझनला मला तिघांनी विचारलं. मी दोन्ही चालवल्या आहेत. तेराशेवाली साडेचार वर्षं चालवली, सतराशेवालीला आता तिसरं वर्ष चालू आहे. रस्ता तोच: नारायणगाव, ओतूर, माळशेज, मुरबाड, कल्याण आणि पहाटेच्या आत वाशी.

इंजिन, केबिन, गॅरंटी यांबद्दल शोरूमवाले सांगतातच. दोन्ही गाड्या एकूण वजनात साडेतीन टनांच्या आत बसतात, त्यामुळे लायसन्सचाही फरक नाही. खरा फरक आहे तो कायद्यात राहून किती क्रेट नेता येतात याचा.

हा आकडा जाहिरातीतून कळत नाही. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं अशी दोन वजनं असतात. रिकाम्या वजनात ड्रायव्हर आणि क्लीनर धरलेले नसतात, आणि आपण मागाहून बसवलेली लोखंडी जाळी, ताडपत्री, दोर यांचा तर त्यात हिशेबच नाही. मी एकदा टाकी फुल करून, आम्ही दोघं आत बसून, सगळ्या सामानासकट तेराशेवालीचा काटा केला. आरसीवरच्या भरलेल्या वजनातून तो आकडा वजा केला, तर हातात 1,110 किलो उरले. क्रेटमध्ये 20 किलो टोमॅटो, क्रेटचे स्वतःचे दीड-दोन किलो, म्हणजे 22 धरा. 50 क्रेट झाले. मी भरत होतो 80. दर खेपेला साडेसहाशे किलो जास्त, आणि ते मला तोपर्यंत माहीतही नव्हतं. सतराशेवालीचा तसाच काटा केला तेव्हा 67 क्रेट बसले.

जास्त भरायची सवय का लागते तेही सांगतो, कारण मी त्यातून गेलोय. भाडं क्रेटमागे मिळतं, डिझेल आणि टोल मात्र खेपेमागे जातात. त्यामुळे एकावन्नाव्या क्रेटपासून पुढचं सगळं आपल्याच खिशात येतंय असं वाटतं. त्यात माल खुडून बांधावर ठेवलेला असतो. शेतकरी म्हणतो, "तेवढे दहा क्रेट घ्या ना दादा, उद्यापर्यंत टिकायचे नाहीत." समोर त्याची बायको आणि पोरं क्रेट पुसत उभी असतात. नाही म्हणवत नाही.

मग गॅरेजवाला पाटे वाढवायला सांगतो. मीही मागे दोन्ही बाजूंना पाटे वाढवले. महिनाभर गाडी ताठ उभी राहिली, आणि ताठ उभी राहते म्हणूनच मी 65 क्रेटवरून 80 वर गेलो. गाडी पुन्हा बसली. पाटे वाढवले म्हणून पासिंग वाढत नाही, ॲक्सल आणि ब्रेक तेच राहतात. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ एक लोड व्हॉल्व्ह असतो. हौदा किती खाली बसला यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. पाटे कडक केले की हौदा कमी बसतो, व्हॉल्व्हला वाटतं गाडी हलकी आहे, आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक कमी मिळतो. हे मला ब्रेकचं काम करणाऱ्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने गाडीखाली झोपून दाखवलं. तुमच्या गाडीला हा व्हॉल्व्ह असेल आणि पाटे वाढवलेच असतील, तर तो नीट लावून घ्या.

पण खरं सांगायचं तर मी गाडी ब्रेकमुळे बदलली नाही, टायरमुळेही नाही. डिप्परमुळे बदलली.

मागे जास्त वजन पडलं की मागची बाजू बसते आणि नाक वर उचलतं. नाकाबरोबर हेडलाइटही वर जातात. दिवे खाली करायची डॅशबोर्डवरची चकती मी शेवटपर्यंत फिरवली, तरी माझा झोत समोरच्याच्या डोळ्यांवरच जायचा. ओतूर सोडलं की समोरून येणारी प्रत्येक गाडी मला डिप्पर मारायची, म्हणजे दिवे खाली घे म्हणून आपले दिवे उघडझाप करायची. माझे दिवे आधीच लोवर असायचे, अजून खाली काय करणार? एसटीचा ड्रायव्हर डिप्पर मारतो, ट्रकवाला मारतो, मग चिडून हाय बीम लावून ठेवतो, आणि आता मला दिसत नाही. वळणावर स्टिअरिंग हलकं पडलेलं, पुढच्या चाकांवर हवं तेवढं वजन नाही. जुलै-ऑगस्टमध्ये माळशेजला धुकं उतरतं, तेव्हा तर वर गेलेला झोत धुक्यावर आपटून पांढरी भिंत उभी करायचा. खाली चाकांसमोरचा रस्ता, डांबराची कड, दरडीतून घरंगळून आलेला दगड, काहीच दिसायचं नाही. रोज रात्री पन्नास-साठ अनोळखी माणसं मला सांगत होती की तुझी गाडी चुकीची भरली आहे, आणि मी दोन वर्षं त्यांच्यावरच चिडत होतो. एका रात्री माझ्या झोतामुळे एक मोटारसायकलवाला कडेच्या मुरुमावर उतरला. पडला नाही. मागे बाई होती, तिच्या मांडीवर लेकरू होतं. मी खाली उतरून माफी मागितली. तो काही बोलला नाही, फक्त डोळे चोळत होता. त्या महिन्यात मी सतराशेवाली बुक केली.

सतराशेवालीत 67 क्रेट भरल्यावर गाडी थोडी बसते, पण सरळ बसते. दिवे रस्त्यावर पडतात. डिप्पर अगदीच येत नाही असं नाही, पण घाटात एखाददुसराच. हौदा लांब असल्यामुळे क्रेटचे थर कमी लागतात आणि वळणावर माल डुलत नाही. जुन्या गाडीचे मागचे टायर एका सीझनमध्ये संपायचे, आता दोन सीझन निघतात. हा माझ्या एकट्याचा अनुभव, तुमचा रस्ता वेगळा असेल तर थोडं इकडंतिकडं होईल.

कायद्याचंही पाहा. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये ओव्हरलोडसाठी 20,000 रुपये आणि जास्तीच्या दर टनाला आणखी 2,000 असा दंड आहे. जास्तीचा माल उतरवायचा खर्चही आपलाच. काट्यावर गाडी न्यायला नकार दिला तर 40,000. टोमॅटो रस्त्याच्या कडेला उतरवायचा म्हणजे काय, हे ज्याने पाहिलंय त्याला दंडाचा आकडा सांगावा लागत नाही.

तेराशेवालीच्या बाजूनेही बोलायला हवं. आमच्याकडच्या पाणंद रस्त्यांवर ती कुठेही वळते. सतराशेवाली घेऊन मी दोन वेळा बांधावरून मागे-मागे येत मुख्य रस्त्याला लागलोय. हप्ता कमी बसतो. आणि माल हलका असेल तर मोठ्या गाडीचा उपयोगच नाही. मेथी, कोथिंबीर, फुलं यांनी हौदा आधी भरतो, वजन नंतर. अशा मालाला तेराशेवाली पुरून उरते. उलट वाळू-खडी नेणार असाल तर दोन्ही गाड्या नकोत. नऊ बाय साडेपाच फुटांच्या हौद्यात फूटभर वाळू टाकली की अर्धा ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) होतो, आणि अर्धा ब्रास वाळू दोन टनांच्या वर जाते. डोळ्यांना हौदा अर्धा रिकामा दिसतो, त्यामुळे माणूस फसतो. सिमेंटचा हिशेब सोपा, गोणी 50 किलोची.

सतराशेवाली घेऊन तिच्यात 100 क्रेट भरणारेही आहेत. त्यांना माझं काही सांगणं नाही, फक्त रात्री समोरून किती डिप्पर येतात ते एकदा मोजा. मला विचाराल तर टोमॅटो, कांदा, बटाटा असा वजनी माल घाटातून नेणाऱ्याने सतराशेची घ्यावी, काटा करून आपला आकडा काढावा आणि तो काचेवर लिहून ठेवावा. माझ्या काचेवर 67 लिहिलंय. शेतकरी अजूनही "तेवढे दहा" म्हणतोच, पण आता मी त्याला काच दाखवतो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीला फोन लावून देतो. 80 च्या मानाने तेरा क्रेटचं भाडं जातं, आणि सीझनमध्ये ते जाणवतं, हे लपवत नाही.

जुनी गाडी चुलतभावाने घेतली. वाढवलेले पाटे त्याने काढून टाकले. दसरा-दिवाळीला तो तिच्यातून झेंडू आणि शेवंती घेऊन दादरला जातो.