मर्म शिकायला गेलो आणि एकवीस दिवस पाय उचलत राहिलो

चिपळूणला मी चौदा वर्षं कराटेचा क्लास घेतोय. दर बॅचला एक तरी पोरगा विचारतोच, "सर, मानेवरची ती नस दाबली की माणूस आडवा होतो ना?" मोबाइलवर तसल्या व्हिडिओंचा पाऊस आहे. मलाही धड उत्तर देता येत नव्हतं. अशा नाजूक जागांना मर्म म्हणतात, आणि केरळच्या कळरीपयट्टू या युद्धकलेत ती शिकवतात. म्हणून यंदा मल्याळी कर्किडकम महिन्यात, म्हणजे जुलैच्या मध्याला, केरळात थलश्शेरीकडच्या एका कळरीत, म्हणजे या कलेच्या आखाड्यात, एकवीस दिवसांच्या कोर्सला गेलो. राहणं-जेवण धरून 28,000 रुपये. कळरीचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

आधी जागा. तिला पैकीच्या पैकी. 42 फूट लांब, 21 फूट रुंद, जमिनीत खोदलेला आखाडा. आत उतरलं की बाहेरचा उकाडा वरच राहतो. नैऋत्य कोपऱ्यात सात पायऱ्यांची पूत्तरा, म्हणजे पूजेचा ओटा, तिला नमस्कार केल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. पहाटे साडेपाचला अंगभर तेल चोपडायचं आणि लंगोट कसून उभं राहायचं.

आता तक्रार. माहितीपत्रकात 'मर्म प्रशिक्षण' ठळक छापलेलं. प्रत्यक्षात सोळा दिवस मैत्तारी, म्हणजे निव्वळ अंगमेहनत. सरळ पायाची लाथ कपाळापर्यंत. गजवडिवू, अश्ववडिवू, म्हणजे हत्तीचा आणि घोड्याचा पवित्रा, खाली बसून वर झेप. गुरुक्कळ, म्हणजे तिथले गुरुजी, मल्याळममध्ये वायत्तारी, म्हणजे तोंडी हुकूम, म्हणत राहायचे आणि आम्ही त्या तालावर घाम गाळायचो. दहाव्या दिवशी मी वैतागून विचारलं, मर्म कधी? ते हसले आणि म्हणाले, कंबर अजून खाली.

सतराव्या संध्याकाळी ओट्टा नावाचं हत्यार हातात आलं. हत्तीच्या सोंडेसारखं वाकडं, चिंचेच्या लाकडाचं, टोकाला गोळा. मर्मावर मारायचा सराव याच्यानेच होतो. त्याआधी गुरुक्कळांनी माझा अंगठा धरून स्वतःच्या हातावर टेकवला, कोपराच्या चार बोटं खाली. "दाब." दाबलं, तर त्यांच्या बोटांची पकड सुटली. मी खूश! मग ते म्हणाले, "आता मी स्थिर उभा राहणार नाही." पुढची दहा मिनिटं मी त्यांच्या हाताभोवती नुसता चाचपडत होतो. सुश्रुतसंहितेत 107 मर्मं आहेत आणि त्यातल्या क्षिप्र नावाच्या मर्माचं माप अर्धं अंगुळ. म्हणजे अर्ध्या बोटाची जागा शोधायची आणि समोरचा हात दीड हात हलतोय. अंतर आणि वेळ साधली तर मर्म सापडेल. ते सोळा दिवस कशासाठी होते, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

शेवटी त्यांनी माझं मनगट पकडून आपल्या कमरेशी ओढलं आणि मग कोपराखाली टोचलं. कळ थेट करंगळीपर्यंत गेली. आणि मी चाटच पडलो, कारण ते ओढणं म्हणजे आमचं हिकिते! कराटेत एक हात मारतो, दुसरा कमरेशी येतो. चौदा वर्षं मी पोरांना तो रिकामा हात 'दिसायला छान' म्हणून शिकवलाय. त्या रिकाम्या मुठीत समोरच्याचा हात धरायचा असतो, म्हणजे तो हलत नाही आणि नस जागेवर राहते. आमच्यात अशा नाजूक जागांना क्युशो म्हणतात, पण पट्ट्याच्या परीक्षेत ते कुणी विचारत नाही.

मानेचं काय, तेही विचारलं. तिथे दाब पडला की रक्तदाब घसरून माणूस खरंच कोसळू शकतो, पण ती गंमत नाही, जिवावर बेतू शकतं. गुरुक्कळांनी करून दाखवायला सपशेल नकार दिला. दुपारी हेच गृहस्थ दोराला धरून पायाने गावकऱ्यांच्या पाठी चोळत होते आणि मुरगळलेले घोटे बसवत होते. त्यांच्या दृष्टीने दोन्ही एकच विद्या. ज्याला बसवता येत नाही, त्याला मारायचं दाखवत नाहीत.

तेव्हा पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा माहितीपत्रकाच्या थापेचा आणि गळक्या खोलीचा. नुसतं मर्म हवं असेल तर जाऊ नका, निराश व्हाल. कराटे किंवा कुस्ती आधीपासून करत असाल तर जरूर जा. आणि लंगोट किमान तीन न्या. त्या पावसात एकही वाळत नाही, अठराव्या दिवशी मी ओला नेसून उतरलो होतो.