दारणेतला बोटभर मासा आणि नकाशाचे ठिपके: कोणती पद्धत निवडाल?

कॉलेजचा प्राणिशास्त्र विभाग, एखादं निसर्गमंडळ किंवा दोन-चार हौशी मित्र मिळून ‘आपल्या नदीतला दुर्मीळ मासा कुठे कुठे उरलाय त्याचा नकाशा करू’ असं ठरवतात आणि पहिली चर्चा पैशांवर येते. मोबाइल ॲप फुकट, जाळं टाकायचं तर माणसं आणि परवानग्या, पाण्यातला डीएनए तपासायचा तर प्रयोगशाळेचं बिल. अर्थात फुकटवालं जिंकतं. मग नकाशावर सगळे ठिपके गंगापूर धरणाच्या काठाला आणि सोमेश्वरच्या धबधब्यापाशी, कारण रविवारी लोक तिकडेच जातात. असा नकाशा माशांपेक्षा नाशिककरांच्या सुट्टीबद्दल जास्त सांगतो.

माझं म्हणणं एवढंच, की पैशांचा हिशेब दुसरा. आधी मासा कोणता ते ठरवा, पद्धत त्याच्यावरून ठरते.

ज्यांच्यासाठी नकाशा करायचा ते मासे

नाशिकचा म्हणावा असा एकच मासा घ्यायचा तर तो पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटेरी, इंग्रजीत देवळालीच्या नावानेच ओळखला जाणारा. होरा आणि मिश्रा यांनी 1938 साली नाशिकजवळच्या देवळालीच्या दारणा नदीतून त्याचं वर्णन केलं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे क्युरेटर प्रेटर यांचं नाव त्याला दिलं. आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत (धोक्यातल्या जातींच्या यादीत) तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. धरणामुळे संपला असं चटकन म्हणून टाकू नये. दारणा धरण 1916 चं आहे. म्हणजे या माशाची जगाला ओळख झाली तेव्हा धरण बावीस वर्षांचं होतं, आणि देवळाली धरणाच्या खालच्या अंगाला आहे.

बोटाएवढा मासा, तोंड खालच्या बाजूला, वाहत्या पाण्यात दगडांशी राहणारा. अडचण अशी, की अगदी तशाच जागी, तशाच मापाचा, तसाच मातकट रंगाचा मळ्या (गारा) सगळीकडे सापडतो. मळ्याच्या खालच्या ओठामागे चिकटून राहण्यासाठी गोल चकती स्पष्ट दिसते. पॅराप्सिलोऱ्हिंकसमध्ये ती नसते किंवा अर्धवट असते. म्हणजे मासा उलटा करून पाहिल्याशिवाय बोलायचंच नाही.

दुसऱ्या टोकाला महसीर आणि वांब (सापासारखा लांबट मासा, इंग्रजीत ईल). मोठे, ओळखायला सोपे, एकदा गळाला लागले की माणूस आयुष्यभर सांगत राहतो. या दोन टोकांना एकच पद्धत लावली की गडबड होते.

मोबाइलवरच्या नोंदी

आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या ॲपवर फोटो, तारीख आणि जागा टाकली की इतर लोक ओळख सुचवतात. दोन-तृतीयांशांहून जास्त जणांचं एकमत झालं की नोंद ‘रिसर्च ग्रेड’ होते आणि तिथून जीबीआयएफ या जागतिक साठ्यात जाऊ शकते. पक्षी आणि फुलपाखरांसाठी ही व्यवस्था झकास आहे. बोटभर माशासाठी मात्र बादलीत वरून काढलेला फोटो काहीच सांगत नाही. पाच जणांनी ‘मळ्याच असेल’ म्हटलं तर एकमत झालं, पण ते अंदाजाचं.

ही वाट निवडायचीच असेल तर फोटोचा नियम कडक ठेवा. पारदर्शक डबीत पाणी घालून मासा आत सोडायचा आणि तीन फोटो घ्यायचे: बाजूने, वरून आणि डबी वर उचलून पोटाकडून. शेजारी पट्टी. मासा हाताळताना हात ओले, आणि काम झालं की जिथून घेतला तिथेच परत. पोटाचा फोटो नसेल तर नोंद ‘शंकास्पद’ खात्यात, मग पाठवणारा कितीही मोठा असो.

गटात फोटो फिरवणाऱ्यांसाठी आणखी एक. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती गळून पडते. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहते. नाहीतर नंतर ‘हा नक्की कोणत्या पुलाखालचा?’ म्हणून सगळ्यांना फोन करत बसावं लागतं.

शिवाय संकटग्रस्त जातींची नेमकी जागा आयनॅचरलिस्ट मुद्दाम लपवतं. ठिपका 0.2 अंशांच्या चौकटीत कुठेतरी टाकला जातो, आणि त्या चौकटीची बाजू साधारण 20-22 किलोमीटर असते. माशाच्या दृष्टीने हे चांगलंच आहे. पण तुम्ही दोन किलोमीटरच्या चौकोनांचा नकाशा करणार असाल तर ती सार्वजनिक नोंद तुमच्या काही कामाची नाही. खरे अक्षांश-रेखांश आपल्या वहीत वेगळे लिहून ठेवावेच लागतात.

नदीवरच्या माणसांच्या तोंडून

वांब आणि महसीर यांच्या बाबतीत मी डोळे झाकून ही पद्धत निवडेन. भोई आणि कोळी कुटुंबं, इगतपुरी-त्र्यंबककडचे ठाकर आणि कातकरी, धरणांवरच्या मच्छीमार सहकारी संस्थांचे सभासद यांच्याकडे चाळीस-पन्नास वर्षांची नदी तोंडपाठ असते. इतक्या मागे जाणारी दुसरी कोणतीही पद्धत आपल्या खिशात नाही.

मात्र विचारायचं कसं, यावर सगळं अवलंबून. ‘बाबा, वांब किती साली दिसेनाशी झाली?’ या प्रश्नाला साल मिळेल, पण ते तुमचं मन राखण्यासाठी. त्याऐवजी नाशिकच्या माणसाला लक्षात राहणाऱ्या खुणा वापरा. 69 च्या महापुराआधी की नंतर? 72 च्या दुष्काळात डोहात होती का? 2003 च्या कुंभाच्या वेळी? 2015 च्या? उत्तर दोन खुणांच्या मध्ये बसवता आलं की ती नोंद वापरता येते.

वांबेसाठी हे विशेष महत्त्वाचं. ती नदीत वाढते आणि अंडी घालायला समुद्रात जाते, पिल्लं प्रवाहाविरुद्ध पुन्हा वर येतात. गोदावरीचा समुद्र म्हणजे बंगालचा उपसागर, आणि पैठणला 1976 पासून जायकवाडी आडवं उभं आहे. अशा माशाचा आजचा नकाशा काढण्यापेक्षा ‘शेवटची कुठे आणि कधी दिसली’ याचा नकाशा जास्त बोलका होईल, आणि तो फक्त म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींतून निघतो. घाई या एका कामाची आहे. डीएनए पुढच्या वर्षीही तपासता येईल.

खरं-खोटं पारखायची सोपी युक्ती: चित्रांच्या गठ्ठ्यात इथे कधीच नसलेला एक मासा घालायचा. लाल पट्ट्याचा केरळचा डेनिसन बार्ब चालेल. ‘हो, हा पण असायचा पूर्वी’ असं उत्तर आलं तर आदराने चहा घ्यावा, वही मिटावी आणि पुढच्या घरी जावं.

दोन ठिकाणी ही पद्धतही फसते. पहिलं बाजार. नाशिकच्या मासळी बाजारात बर्फातून आंध्रचा माल येतो, उजनी-जायकवाडीचाही येतो. तिथे दिसलेला मासा कुठून आला हे विक्रेत्याने खात्रीने सांगितलं नाही तर तो ठिपका नकाशावर नको. दुसरं म्हणजे महसीर. टाटांच्या लोणावळ्याच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून दख्खनी महसीराची पैदास झाली आणि बोटुकली (बोटभर पिल्लं) ठिकठिकाणच्या जलाशयांत सोडली गेली. त्यामुळे ‘धरणात महसीर दिसला’ ही बातमी खरी असूनही ती मूळ वस्तीची नोंद ठरत नाही. रकान्यात ‘सोडलेला असू शकतो का?’ हा प्रश्न हवाच. हा महसीर पूर्वी ‘संकटग्रस्त’ होता, नंतर आययूसीएनने त्याला ‘कमी चिंतेच्या’ वर्गात हलवलं. तेव्हा सगळी शक्ती त्याच्यावर खर्च करायची का, हाही विचार करा.

देवळालीच्या माशासाठी मात्र तोंडी माहिती फक्त धागा म्हणून. बोटभर माशांना गावाकडे ‘मळ्या’ किंवा ‘मुऱ्या’ म्हणून मोकळे होतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, कालवणात सगळे सारखेच.

स्वतः पाण्यात उतरणं

कंटाळवाणी, थकवणारी, आणि या माशासाठी खरी उपयोगाची पद्धत. इगतपुरीकडच्या उगमाच्या ओढ्यांपासून धरणापर्यंत, धरणाखाली देवळाली, चेहडी आणि पुढे दारणासांगवीच्या संगमापर्यंत ठरावीक जागा निवडायच्या. प्रत्येक जागी तेवढाच वेळ, तेच जाळं, तेवढीच माणसं. आणि प्रत्येक वेळी लिहायचं, मासा न मिळाल्याचंसुद्धा.

‘दिसला’ एवढीच नोंद असलेल्या नकाशात रिकामी जागा म्हणजे काय हे कळतच नाही. मासा नाही, की कोणी गेलंच नाही? स्वतः केलेल्या पाहणीत ते कळतं. समजा मासा असलेल्या जागी एका फेरीत तो हाती लागण्याची शक्यता 40 टक्के आहे. मग तीन फेऱ्यांत तो असूनही हुकण्याची शक्यता सुमारे 22 टक्के उरते, पाच फेऱ्यांत सुमारे 8. एकदा जाऊन ‘इथे नाही’ म्हणणं म्हणूनच धाडसाचं.

काळही सांभाळा. पहिल्या पावसात चढणीचे मासे निघतात, ओढ्यांत आणि भातखाचरांत पोरं हाताने पकडतात. पाहायला मिळण्याची शक्यता तेव्हा सगळ्यात जास्त, पण ती माशाची प्रवासातली जागा झाली. तो वर्षभर कुठे राहतो ते हिवाळ्यात, पाणी निवळल्यावर पाहावं लागतं. दोन्ही नोंदी एकाच रंगाच्या ठिपक्यांनी दाखवू नका.

परवानग्यांना वेळ लागतो. धरणात मासेमारीचा ठेका असलेल्या संस्थेला विचारायचं, मत्स्यव्यवसाय विभागाला अर्ज द्यायचा, नांदूरमध्यमेश्वरकडे जाणार असाल तर वन विभाग. देवळालीत तर छावणी आणि तोफखान्याची हद्द आहे. तिथे जीपीएस आणि कॅमेरा घेऊन विनापरवाना नदीकाठी फिरू नये, हे वेगळं सांगायला नको. करंट लावून मासे काढणाऱ्या ‘मदतनीसां’ना लांब ठेवा.

पाण्यातला डीएनए

मासा न पकडता, पाणी गाळून त्यातल्या डीएनएवरून ओळख. ऐकायला जादूच. पण जुळवायला संदर्भाचा डीएनए लागतो, आणि जुने नमुने फॉर्मॅलिनमधले असतील तर त्यातून तो काढणं जिकिरीचं. शिवाय वाहती नदी डीएनए खाली वाहून नेते. चेहडीला ‘आहे’ आलं, तर वर कुठेतरी आहे एवढंच कळलं. एक खात्रीचा मासा हाती आल्यावर ही दुसरी पायरी म्हणून उत्तम, तोवर नाही.

एका चुकीच्या ठिपक्याची किंमत

आययूसीएन वस्तीचं क्षेत्र मोजताना 2 × 2 किलोमीटरचे चौकोन वापरते. एक चौकोन म्हणजे 4 चौरस किलोमीटर. या मोजमापात अतिसंकटग्रस्तची मर्यादा 10 चौरस किलोमीटरच्या आत आणि संकटग्रस्तची 500 च्या आत. (फुटलेली वस्ती, सतत घट अशा इतर अटीही सोबत लागतात.) आता हिशेब करा. दोन खरे चौकोन असतील तर क्षेत्र 8. कोणीतरी बादलीतला मळ्या पाठवला, तुम्ही तो तिसऱ्या चौकोनात टाकला, क्षेत्र झालं 12. या निकषावर मासा एका झटक्यात कमी धोक्याच्या वर्गात गेला. महसीरासारख्या दूरवर पसरलेल्या माशाच्या नकाशात असा एक ठिपका चुकला तर काही बिघडत नाही. इथे बिघडतं.

मी काय निवडेन

दहा-बारा विद्यार्थी, एक शिक्षक आणि बेताचे पैसे असतील तर देवळालीच्या माशासाठी दारणेवर मोजक्या जागा आणि पुन्हा पुन्हा फेऱ्या. गावातल्या पोरांना पोटाच्या फोटोचा नियम शिकवून ठेवायचा. त्यांच्याकडून येईल तो धागा, ठिपका आपण जाऊन पाहिल्यावर. ॲप फक्त साठवणीला आणि बाहेरच्या तज्ज्ञांचं मत घ्यायला.

पाण्यात उतरणं शक्य नसेल, गटात बोलकी माणसं जास्त असतील, तर वांब घ्या आणि वह्या घेऊन घरोघरी जा. सगळेच नोकरी करणारे आणि फक्त रविवारचे असतील तर दुर्मीळ माशाचा नाद सोडून तिलापियाचा नकाशा करा. ओळखायला सोपा, शहरातल्या गोदावरीत भरपूर, आणि उपरा मासा कुठवर पोचलाय ही माहिती दारणेवाल्या गटालाही हवीच असते.

नकाशा छापताना चौकोन दाखवा, नेमका डोह दाखवू नका. ब्लीचिंग टाकून मासे मारणारेही मोबाइल वापरतात.