घरी बुश प्लेन बांधायचंय: नळी-कापड, पत्रा की लाकूड?

किट न घेता, फक्त ड्रॉइंग आणि कच्चा माल घेऊन घरी बुश प्लेन, म्हणजे धावपट्टी नसलेल्या ओबडधोबड जागीही उतरणारं छोटं विमान, बांधायचं मनात आलं की बहुतेक जण पहिल्यांदा बघतात ते कुठलं विमान किती कमी जागेत उतरतं, आणि मीही महिनोन्महिने तेच बघत बसलो होतो. आता कोणी विचारलं तर मी आधी विचारतो, रोज संध्याकाळी कुठलं काम करत बसायला तुला आवडेल? कारण आठवड्याला १० तास दिले तर वर्षाचे ५२० होतात, आणि असं विमान २००० तासांत झालं तरी चार वर्षं गेली. चार वर्षं नावडतं काम कोणाच्यानं होत नाही, अर्धवट सांगाडे तसेच पडून राहतात.

तर मुख्य रस्ते दोन. एक म्हणजे स्टीलच्या नळ्यांची बॉडी आणि वर कापड, १९४९ पासूनच्या पायपर सुपर कबच्या घराण्यातला. दुसरा पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा, पॉप रिव्हेटवाला (एकाच बाजूने बसवायचे पोकळ रिव्हेट), त्यातलं डिझायनर ख्रिस हाइन्ट्झचं झेनिथ सीएच ७०१ सगळ्यात माहितीचं.

नळीचं काम आधी सांगतो कारण माझा जीव तिथे आहे. ४१३० क्रोमोली (क्रोम-मॉलिब्डेनमचं मिश्र स्टील) नळी, भिंत कित्येक ठिकाणी जेमतेम ०.९ मिमी. प्रत्येक नळीचं टोक दुसरीच्या गोलाईवर चपखल बसेल असं कानसून घ्यायचं, उजेडाकडे धरून फट दिसली तर परत कानस, आणि एकेका जोडात चार-पाच नळ्या वेगवेगळ्या कोनातून येतात. वेल्डिंग टिगने (विजेच्या आर्कने) करा किंवा गॅसने, दोन्ही चालतं, फक्त झाल्यावर ते स्थिर हवेत आपोआप गार होऊ द्यायचं, पाणी नाही, फुंकर नाही, पंखा बंद. सरावातला एक जोड मी व्हाइसमध्ये धरून हॅक्सॉने उभा चिरला होता. वरून वेल्डची रेघ इतकी देखणी की फोटो काढून ठेवलेला, आणि आत एका बाजूला नळीची मूळ कड जशीच्या तशी, म्हणजे धातू नुसता वर जाऊन बसलेला, वितळून एकजीव झालाच नव्हता. त्या दिवसापासून मी सरावाचे जोड चिरूनच बघतो, आणि तुम्हीही चिरून बघा, वरून दिसण्यावर जाऊ नका.

पण या कष्टाचं फळ मोठं आहे. आपटलं तर नळ्यांचा पिंजरा आधी वाकतो, तुटतो उशिरा, आणि आत माणसं बसलेली असतात. लांब कुठेतरी ओबडधोबड जागी एखादी नळी वाकली तर ती कापून नवी वेल्ड करता येते. कापड पॉलिएस्टरचं असतं, चिकटवायचं आणि इस्त्रीने टप्प्याटप्प्याने ताणायचं, शेवटचा हात साधारण १७५ अंश सेल्सिअसला, त्याच्या वर गेलात तर ताण सुटायला लागतो, म्हणून इस्त्रीचा आकडा खरा आहे का ते थर्मामीटरने तपासून घ्या. त्यावर ऊन अडवणारा चंदेरी थर मात्र कंजूषी न करता द्या, कापडाला खातं ते ऊन.

पत्र्याच्या रस्त्यावर वेल्डिंग जवळजवळ लागत नाही, आणि ज्याने आयुष्यात टॉर्च हातात धरला नाही त्याच्यासाठी हे फार मोठं आहे. ६०६१-टी६ पत्रा, गंजाला बऱ्यापैकी दाद न देणारा. लाकडाचा साचा करायचा, त्यावर पत्रा दाबून मॅलेटने कडा वळवल्या की पंखाची फासळी तयार. भोक पाड, क्लिकोने (भोकात बसणारी तात्पुरती पिन) धर, सगळं खोलून भोकाच्या कडेचे कंगोरे काढ, परत जुळव, मग रिव्हेट. एकट्याला जमतं, आवाज कमी, शेजारी तक्रार करत नाहीत. यातलं खरं काम कडांचं आहे. कापलेल्या पत्र्याच्या कडेवरून बोट हलकेच फिरवलं आणि कुठे अडकलं तर तिथूनच उद्या तडा सुरू होणार, म्हणून प्रत्येक कड आणि प्रत्येक भोक गुळगुळीत, हजारो वेळा. खुणा मार्करने करा, पेन्सिल वापरू नका, ग्रॅफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम खायला लागतं, आणि सुईने ओरखडा तर वाकणाच्या रेषेवर कधीच नाही. ज्याला हे शांत, नेमकं, परत परत तेच काम आवडतं त्याने डोळे झाकून पत्रा घ्यावा.

मधला पर्याय म्हणून डिझायनर बॉब बॅरोजचं बेअरहॉक पॅट्रोल बरेच जण सुचवतात, विमान उत्तमच आहे, पण बॉडी नळीची आणि पंख पत्र्याचे, तेही ठोकायच्या भरीव रिव्हेटचे, म्हणजे दोन्ही कामं शिकायची आणि रिव्हेटमागे लोखंड धरायला कित्येकदा दुसरा माणूस हवा. पहिलंच विमान असेल तर विचार करून.

उडण्यातला फरक थोडक्यात. ७०१ चा स्टॉल, म्हणजे ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरत नाहीत तो वेग, ताशी ४८ किमीच्या आसपास, साध्या सुपर कबचा ६९ च्या आसपास, आणि जमिनीवर थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते त्यामुळे तेवढ्याच वजनाला ती दुप्पट होते. उलट ७०१ च्या पंखापुढे कायमच्या बसवलेल्या अरुंद पट्ट्या (स्लॅट) हवा अडवतात, ताशी १३० किमीच्या आसपासच जायचं, समोरून वारा असला की रस्ता संपता संपत नाही. लांब जायचं आणि सामान न्यायचं तर कबच्या घराण्यातलं, जवळच्या जवळ छोट्या जागी उतरायचं तर ७०१.

लाकूड? सुताराचा हात असेल तर जरूर बघा, हत्यारं सगळ्यात कमी लागतात आणि काम मन रमवणारं. पण स्प्रूस लाकडाच्या रेषा १५ ला १ पेक्षा तिरप्या नकोत, जोड १० किंवा १२ ला १ अशा लांब उताराचा, आणि विमान कायम छपराखाली राहणार असेल तरच. बुश प्लेन चिखलात, दवात, उघड्यावर उभं राहतं, म्हणून मी यादीतून काढलं.

इंजिन घरी बांधायचं नसतंच. रोटॅक्स ९१२ हलकं, ७०१ ला त्याचं ८० हॉर्सपॉवर पुरतं, कब-जातीला लायकॉमिंग ओ-३२० लागेल. इंजिन, प्रोपेलर आणि मीटर मिळून बॉडीच्या मालापेक्षा जास्त पैसे जातात हे आधीच धरून चाला, नाहीतर चौथ्या वर्षी सांगाडा तयार आणि खिसा रिकामा.

जागेचं टेप लावून मोजा. नळीच्या बॉडीला सहाएक मीटर लांब सपाट टेबल आणि चहूबाजूंनी फिरायला वाट पाहिजे, ७०१ चा एकेक पंख चार मीटरच्या आत बसतो. दरवाजाही मोजा.

माझ्यापुरतं नळी-कापड ठरलंय. तुमचं अजून ठरत नसेल तर ड्रॉइंगचा सेट घ्या पण माल फक्त रडरचा (शेपटीवरचा उभा, हलणारा भाग) आणा, पत्र्याचा असो वा नळीचा. तो पूर्ण करून भिंतीला टांगा, ओळंबा लावून वेडावाकडा झालाय का ते बघा, ज्याने आधी विमान बांधलंय अशा माणसाला बोलावून दाखवा, कापड चढवायच्या किंवा शेवटचा पत्रा बंद करायच्या आधी. तो नापास म्हणाला तर परत करा. दुसरा रडर करायला घेताना हात आपोआप हत्यारांकडे गेला तर पुढचा माल मागवा.